पदवीनंतरचा पाठ : काम मांडावे कसे, विकावे कसे

वडोदऱ्यासारख्या शहरात मुलाने अगर मुलीने कलेचे शिक्षण घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या मंडळींच्या घरांतूनही चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला, वस्त्रकला, डिझाइन या विषयांची पदवी घेऊन मुले-मुली बाहेर पडत आहेत. प्रवेशाची धडपड, चार वर्षांची फी, रंग, कागद आणि मातीचा खर्च हे सारे घरच्यांनी सोसलेले असते. पुढे पदवीदान होते, छायाचित्रे निघतात, पेढे वाटले जातात. आणि दोन-तीन वर्षांत त्यांतील कित्येकांचे काम माळ्यावर जाऊन पडते. हातात कसब नसते म्हणून नव्हे. काम लोकांपुढे न्यावे कसे, त्याचा दाम सांगावा कसा आणि सांगितलेला दाम वसूल करावा कसा, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते म्हणून. हा राहून गेलेला पाठ प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावयाचा आहे. तो मुलांसाठी जितका आहे तितकाच पालकांसाठीही आहे.

विकण्यात कमीपणा नाही

पहिली अडचण मनाची आहे. चित्र विकणे म्हणजे विद्येचा बाजार मांडणे, अशी एक समजूत अजून घरोघर आढळते. गवयाने बिदागी घ्यावी, डॉक्टरने फी घ्यावी, शिक्षकाने पगार घ्यावा. चित्रकाराने मात्र प्रेमाने द्यावे, हा न्याय विचित्र आहे. नात्यातील माणसे दिवाणखान्यासाठी एखादे चित्र सहज मागतात आणि त्याच चित्राच्या चौकटीचे पैसे सुताराला रोख मोजतात.

आपल्या शहराचा इतिहास तरी या समजुतीला आधार देत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. चित्रकला, रंगकाम, विणकाम, सुतारकाम ही एका छपराखाली शिकवण्यामागे हेतू हा होता, की हाताची विद्या उद्योगाला लागावी आणि उद्योगाने शिकणाऱ्याचे पोट भरावे. दादासाहेब फाळके यांनी या कलाभवनात शिक्षण घेतले. पुढे त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला, नंतर छपाईत लक्ष घातले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. यांतील प्रत्येक पायरीवर कला होती आणि गिऱ्हाईकही होते.

पंढरपुरास जन्मलेले आणि इंदुरास वाढलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळण्यांचे आणि मुलांच्या फर्निचरचे नमुने तयार केले. त्या कामाने त्यांच्या पुढील कीर्तीला बट्टा लागला नाही. भूपेन खख्खर १९६२ साली वडोदऱ्यास आले ते हिशेबनिसाची विद्या घेऊन. चित्रे काढीत असतानाच ते एका कारखान्यात अर्धवेळ हिशेबाचे काम पाहत असत. पहिली काही वर्षे पोटासाठी दुसरे काम करावे लागले म्हणून कोणी कलावंत उणा ठरत नाही, हे पालकांनी यावरून ध्यानात घ्यावे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकलेचे आणि शंखो चौधरी शिल्पकलेचे अध्यापक होते. या शाखेने १९६१ साली कलामेळा भरवण्यास आरंभ केला. अध्यापक आणि विद्यार्थी यांनी खेळणी व हस्तकलेच्या वस्तू स्वतः बनवल्या आणि गावच्या लोकांना विकल्या. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंताने अशा मेळ्यांसाठी लाकूड, मणी, चामडे यांची खेळणी केली. ज्या गावात गुरूनेच विक्रीचा ओटा मांडला, त्या गावातील शिष्याने लाजण्याचे कारण काय?

मांडणी

काम चांगले असणे आणि ते चांगले दिसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. नवा पदवीधर केलेले सारेच मांडू पाहतो. भिंत भरते, पण पाहणाऱ्याची नजर कोठेच ठरत नाही. पन्नासांतून बारा निवडावीत. आणि ती आपण एकट्याने न निवडता एखाद्या जाणत्या मित्राला सोबत घ्यावी, कारण ज्या कामावर आपण फार कष्ट केले ते आपल्याला उगाच मोठे वाटते.

प्रत्येक कामाजवळ नाव, माध्यम, माप, वर्ष आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी असावी. किंमत लिहिण्याचा संकोच पुष्कळांना वाटतो. परंतु किंमत विचारण्याचा संकोच गिऱ्हाइकालाही वाटतो आणि दोघांच्या संकोचात विक्री राहून जाते. शक्य तर तीन पायऱ्यांचा माल ठेवावा : कोणालाही परवडेल असे भेटकार्ड अगर लहान वस्तू, मध्यम किमतीचा ठसा, आणि मूळ कलाकृती. आज कार्ड घेऊन गेलेला मनुष्य काही वर्षांनी चित्र घ्यावयास येऊ शकतो, म्हणून त्याचे नाव-पत्ता वहीत टिपून ठेवावा.

ठशाच्या बाबतीत एक शिस्त कटाक्षाने पाळावी. एका फळीवरून पंचवीस प्रती काढावयाच्या ठरल्या, तर प्रत्येकीवर पेन्सिलीने ५/२५, ६/२५ असा क्रमांक घालून सही करावी आणि पंचविसाव्या प्रतीनंतर थांबावे. मागणी आली म्हणून सव्विसावी काढली, तर आधीच्या पंचवीस गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडला असे होते.

मोठ्या शहरातील कलादालन हे ध्येय असावे, पण ती पहिली पायरी नव्हे. मुंबईचे जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. तेथे जागेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. तोवर एकट्याने थांबून राहण्यापेक्षा चौघांनी एकत्र यावे. १९५६ साली येथील अध्यापक व विद्यार्थी यांनी बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स या नावाने मंडळ काढले आणि आपले काम एकत्रितपणे मुंबईकरांपुढेही नेले. भाडे, वाहतूक आणि पत्रिका यांचा खर्च वाटला जातो, हा एकत्र येण्याचा एक लाभ. एकाचे पाहुणे दुसऱ्याचे काम पाहतात, हा दुसरा आणि अधिक मोलाचा.

आता मोबाईलवरूनही काम जगापुढे ठेवता येते. ही सोय मोठी आहे; मात्र पडद्यावर माप कळत नाही आणि रंग फसवतात. म्हणून छायाचित्र दिवसाच्या उजेडात, पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी घ्यावे. एक छायाचित्र वस्तू कोणाच्या हातात धरून घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. आणि माप सेंटिमीटरमध्ये लिहावे.

दामाचा हिशेब

कामाला वाहवा मिळणे आणि धंदा चालणे या गोष्टी एक नव्हेत. याचे उदाहरण राजा रविवर्मा यांचे. बडोद्याच्या दरबारासाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे काढली आणि १८९४ साली मुंबईस छापखाना काढला. ज्यांना मूळ चित्र स्वप्नातही परवडले नसते त्यांच्या भिंतीवर त्या छापखान्याची चित्रे लागली. लोकप्रियता एवढी अफाट असूनही छापखाना मात्र तोट्यात गेला आणि अखेर त्यांना तो विकावा लागला.

म्हणून दाम ठरवताना मनाला नव्हे, वहीला विचारावे. समजा, एक लाकडी खेळणे आहे. लाकूड, रंग, मणी यांचे २१० रुपये. पाच तासांचे काम, तासाला १२० रुपये धरून, ६०० रुपये. हत्यारांची झीज, वीज आणि जागेचे भाडे यांचा वाटा ५० रुपये. बांधणी आणि वाहतूक ४० रुपये. एकूण ९०० रुपये. यांतील ६०० रुपये ही आपली मजुरी आहे. ‘मी घरीच तर केले’ असे म्हणून ती वगळणारा मनुष्य तोट्यात विकून नफा झाल्याच्या आनंदात राहतो.

आता दुकानदार अगर कलादालन विक्रीच्या किमतीवर ४० टक्के कमिशन मागते असे धरू. कलादालने तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मागतात, तेव्हा हा आकडा मधला आहे. पुष्कळ मुले येथे ९०० वर ४० टक्के चढवतात आणि १,२६० रुपये किंमत लावतात. परंतु दुकानदार ४० टक्के कापतो ते १,२६० वर. त्याचे होतात ५०४. आपल्या हाती उरतात ७५६. म्हणजे प्रत्येक नगामागे १४४ रुपयांची खोट! खरी रीत अशी : १०० तून ४० गेले, उरले ६०, म्हणून ९०० ला ६० ने भागून १०० ने गुणावे. उत्तर १,५००. दुकानदाराचे ६००, आपले ९००. सातवीतल्या शेकडेवारीचे हे गणित आहे, पण ते न केल्यामुळे हौशीने सुरू केलेली दुकाने मिटतात.

दुसरा नियम असा, की एकाच वस्तूची किंमत घरी, मेळ्यात आणि दालनात एकच असावी. दालनात १,५०० ला असलेली वस्तू घरी ९०० ला दिली, तर दालनाचा विश्वास जातो आणि १,५०० देणारा गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

संखेड्याच्या खराद्यांसारख्या कारागिराकडून आपला नमुना करवून घेतला असेल, तर त्याची मजुरी आधी चुकती करावी आणि त्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे. आपल्याला नाव हवे असते, तसे त्यालाही हवे असते.

कागदावर असावे ते

दुकानात विक्रीसाठी ठेवलेला माल व्यापारी भाषेत जांगड होय : विकला तर पैसे, न विकला तर परत. जांगड माल देताना दोन प्रतींत पावती करावी आणि तीत नग, किंमत, कमिशन, पैसे मिळण्याची तारीख, मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची आणि न विकलेला माल परत केव्हा, हे सहा मुद्दे लिहावेत. मागणीवरून काम करावयाचे असल्यास निदान निम्मी रक्कम आधी घ्यावी.

कायद्याच्याही चार गोष्टी माहीत असाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. तो द्यावयाचा तर लेखी द्यावा लागतो. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र अगर व्यक्तिचित्र मुद्दाम काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या चित्राचा हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून असे काम स्वीकारतानाच हक्क कोणाचा ते लिहून घ्यावे. तिसरी गोष्ट : आपले मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला त्या किमतीत वाटा मागता येतो, तो दहा टक्क्यांपर्यंत ठरवता येतो. कोणते चित्र कोणाला, केव्हा, केवढ्यास दिले याची वही ठेवणाऱ्यालाच हा हक्क उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट डिझाइनवाल्यांसाठी, आणि ती सर्वांत अधिक नजरेआड होते. कापडाचा नमुना, दिव्याचा आकार, खेळण्याचे रूप यांची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. संरक्षण दहा वर्षांचे आणि वाढवून पंधरा वर्षांचे मिळते. नोंदणीयोग्य नमुना नोंदवला नाही आणि आपण अगर आपल्या परवानगीने दुसऱ्याने यंत्राच्या रीतीने त्याचे पन्नासांहून अधिक नग काढले, की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. शिवाय नोंदणीसाठी नमुना नवा असावा लागतो. अर्जापूर्वीच तो लोकांपुढे आला, तर नवेपणा गेला असे सामान्यतः धरले जाते. सारांश, ज्या नमुन्यावर पुढे धंदा उभा करावयाचा त्याचा अर्ज आधी आणि मेळा नंतर.

समाजाने काय करावे

शिकणाऱ्याला मदत करणे हे आपल्या धर्मादाय संस्था आपले कर्तव्य मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पदवीच्या दिवशी ही मदत थांबते, आणि कलेच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा तर त्याच दिवशी सुरू होते. महोत्सवाच्या या निमित्ताने तीन लहान सूचना कराव्याशा वाटतात. संस्थेचे सभागृह वर्षातून दोन दिवस नव्या पदवीधरांना विनामूल्य मिळावे आणि तेथे त्यांचे काम मांडले जावे. कच्च्या मालासाठी लहान बिनव्याजी रक्कम द्यावी, ती विक्रीनंतर परत घ्यावी आणि पुढच्या मुलाला द्यावी. म्हणजे तेच पैसे फिरत राहतील आणि घेणाऱ्याचा स्वाभिमानही राखला जाईल. तिसरी सूचना सर्वांत सोपी आहे : निमंत्रणपत्रिका, मानचिन्ह, स्मरणिकेचे मुखपृष्ठ ही कामे समाजातील कलाशिक्षित मुलामुलींना द्यावीत आणि त्यांचा रीतसर मोबदला द्यावा. ‘आपलीच संस्था आहे, पैसे काय घ्यायचे’ हे वाक्य आपण सर्वांनी एकमताने बंद करावे.

मुलाच्या पहिल्या चित्राचे कौतुक घरच्यांनी केलेलेच असते. त्याच्या पहिल्या पावतीचेही तितकेच कौतुक व्हावे. तो पैसा लहान असेल, पण आपल्या विद्येला लोक दाम देतात हा विश्वास त्यात असतो; आणि माळ्यावर जाणारे काम खाली थांबवून धरण्याची ताकद या विश्वासातच आहे.