वाड्याचा फोटो केवढ्याला पडतो?

पुण्याहून सासवड, जाऊन-येऊन पासष्टेक किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर दीड लिटर पेट्रोल. १०४ रुपये भाव धरला तर एकशे छप्पन रुपये. एवढ्यात पुरंदऱ्यांच्या वाड्याचे फोटो होतील या हिशेबाने मी पहिल्यांदा निघालो आणि भर दुपारी साडेबाराला पोचलो. ऊन डोक्यावर, खालचा दगड आणि वरची वीट दोन्ही सपाट. पुढच्या शनिवारी तेच एकशे छप्पन पुन्हा. या छंदात कॅमेऱ्याचा खर्च एकदाच होतो, चुकलेल्या उन्हाचा पुन्हा पुन्हा.

विटेचा फोटो म्हणजे खरं तर सांध्यांच्या सावलीचा फोटो. वाड्यांच्या जुन्या विटा आजच्या विटांपेक्षा पातळ, त्यामुळे दर हातभर भिंतीत थर जास्त. ऊन भिंतीला घासून जात असेल तरच ते उठून दिसतात. म्हणजे सकाळचा पहिला तास-दीड तास, नाहीतर मावळतीच्या आधीचा. भिंतीचं तोंड कुठे आहे ते मोबाइलच्या होकायंत्रात पाहून वहीत टिपून ठेवा, फुकट आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिच्यासाठी मे महिन्यातली सकाळ धरावी. पावसाळ्यात ओल्या विटेचा रंग गडद होतो, शेवाळ चढतं, फोटो देखणे येतात. पण घसरून पडण्याची तयारी हवी.

ऊन हुकलं की पुन्हा फेरी, म्हणून लांबच्या गावी मुक्काम स्वस्त पडतो. वाई-मेणवली पुण्याहून मोटारीने जाऊन-येऊन १८० किलोमीटर धरा. लिटरला १५चा हिशेब केला तर बारा लिटर, साडेबाराशेच्या आसपास, वर टोल. दोनदा जाण्यापेक्षा एक रात्र साध्या लॉजवर काढा. साधारण हजार-दीड हजारात संध्याकाळ आणि सकाळ, दोन्ही ऊन मिळतात. दुचाकीला टोल नाही आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मैत्रिणी मिळून निघाल्या तर प्रवासखर्च आणखी उतरतो.

आता सामान. बऱ्या मोबाइलवर सुरुवात करा, हे मी मनापासून सांगतो. वापरलेला साधा डीएसएलआर लेन्ससह पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो, आणि तो घेताना विटांची भिंतच तुमची परीक्षक. दुकानदाराला सांगून समोरच्या भिंतीचा अगदी सरळ उभं राहून फोटो घ्या. विटांचे थर कडेला पोट काढल्यासारखे वाकले तर दोष लेन्सचा. एक कोपरा धूसर आला तर लेन्स कधीतरी आपटलेली असण्याची शक्यता. भाव पाडा किंवा उठा.

बोळ अरुंद, वाडा उंच, म्हणून आपण मोबाइल वर करतो आणि भिंत मागे कलते. ही कलंडती भिंत सरळ ठेवणारी शिफ्ट लेन्स लाखाच्या घरात जाते. तिच्या नादी लागू नका. समोरच्या घराच्या माडीवरून काढा. माडीवर जायला चहाचे दोन शब्द लागतात. तेही जमलं नाही तर स्नॅपसीड हे फुकट अ‍ॅप कलंडलेली भिंत उभी करतं, फक्त फोटो काढताना चारी बाजूंना जागा सोडा. दीड-दोन हजारांचा ट्रायपॉड घ्याच. अंधाऱ्या दिंडी दरवाज्यात त्याच्याशिवाय गती नाही. मात्र पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. शनिवारवाड्याचं तिकीट २५ रुपयांचं, पण तिपाई घेऊन गेलात तर दारातच अडवतील.

छोट्या गावातले बहुतेक वाडे खासगी आहेत. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढून छापायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, पण उंबरठा ओलांडायचा तर मालकाला विचारायलाच हवं. नेमका मालक कोण, हा प्रश्न अवघड. एका वाड्यात मला ओसरीवरच्या आजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "कुठल्या बिल्डरकडून आलात?" भाऊबंदकी कोर्टात असते, नगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दाराला चिकटलेली असते, आणि अशा वेळी गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस म्हणजे मोजणीवाला. नाव-गाव सांगा, आधी काढलेले फोटो दाखवा, "माडीवर जाऊ का?" असं विचारा, आणि नको म्हणाले तर जाऊ नका. परवानगी असली तरी कुजक्या तुळईवर उभ्या असलेल्या माडीवर मी जात नाही. भिंतीच्या कडेने चालावं वगैरे सल्ले देणारे भेटतात. दवाखान्याचं बिल ते भरत नाहीत.

लग्नाआधीचं चित्रीकरण किंवा जाहिरात करायची असेल तर हिशेब वेगळा. तिथे मालक म्हणेल तो दर. तो आधी ठरवून, किती तास आणि किती माणसं हे कागदावर लिहून घ्या. घरच्यांना हौशी फोटोसाठी पैसे देऊ केले तर बहुतेक जण ओशाळतात, कधी चिडतातही.

त्यांच्यासाठी एक प्रिंट काढा. आठ बाय बाराची मॅट प्रिंट साधारण शंभरच्या आसपास, साधी चौकट घातली तर आणखी दोन-तीनशे. दर्शनी भिंतीपेक्षा चौकाची काढावी, त्यात तुळशीवृंदावन आणि घरातलं कुणीतरी असावं. माझ्या सगळ्या खर्चात वसूल झालेला पैसा हाच. त्या आजींना प्रिंट द्यायला गेलो तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती पाहिली, कनवटीची किल्ली काढली आणि मागच्या चौकाचं कुलूप उघडलं.