खेळण्यांचा प्रवास : कारखान्यापासून दुकानापर्यंत

गावच्या जत्रेत पाळण्याशेजारी खेळण्यांचे एक दुकान हमखास असते. ताडपत्रीखालच्या फळीवर चावीची मोटार, प्लॅस्टिकची बाहुली, शिट्टी, चेंडू अशी रंगीबेरंगी मांडणी केलेली असते. मुलाच्या हट्टापुढे वडील नमतात आणि मोटार मुलाच्या हाती येते. ती तेथवर कशी आली, हा विचार त्या घटकेला कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तिच्यामागे कारखाना, खोके, कंटेनर, जहाज, सीमाशुल्क कचेरी, घाऊक बाजार आणि फिरता विक्रेता अशी लांबलचक साखळी उभी असू शकते.

ही साखळी समजून घेणे दोन कारणांसाठी अगत्याचे आहे. मुलाच्या हाती पडणारी वस्तू सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर या साखळीत दडलेले असते, हे पहिले कारण. आपल्या कारागिरास आपली वस्तू दूरच्या बाजारात न्यावयाची असेल, तर त्यास याच साखळीत स्थान मिळवावे लागते, हे दुसरे.

हंगामाचे गणित

खेळण्यांचा जागतिक व्यापार नाताळभोवती फिरतो. युरोप-अमेरिकेतील दुकानांच्या वार्षिक विक्रीचा मोठा हिस्सा वर्षाच्या अखेरच्या काही आठवड्यांत होतो. त्यामुळे डिसेंबरच्या विक्रीची तयारी जानेवारीतच सुरू होते. जानेवारीत हाँगकाँग येथे आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या प्रारंभी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे खेळण्यांची मोठी व्यापारी प्रदर्शने भरतात. न्यूरेंबर्गच्या प्रदर्शनाची परंपरा १९५० पासूनची आहे. तेथे दुकानदारांचे प्रतिनिधी नमुने पाहतात, भाव ठरवितात आणि मागणी नोंदवितात. उन्हाळ्यात कारखाने पूर्ण वेगाने चालतात. जुलै ते सप्टेंबर या काळात माल जहाजांवर चढतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो दुकानाच्या फळीवर लागावा, अशी अपेक्षा असते.

या व्यापारात भावाइतकेच, किंबहुना भावाहूनही अधिक, महत्त्व तारखेला आहे. नाताळनंतर पोहोचलेले खेळणे म्हणजे दिवाळी उलटल्यावर बाजारात आलेला आकाशकंदील होय. वस्तू उत्तम असते, पण तिचा ग्राहक निघून गेलेला असतो.

उत्पादनाची केंद्रे

आज जगातील खेळण्यांच्या उत्पादनात चीनचे स्थान अग्रगण्य आहे. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे हाँगकाँगमधील अनेक कारखानदारांनी आपले उत्पादन शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात हलविले. त्या प्रांतातील शांतौ शहराचा चेंगहाई हा भाग खेळण्यांचे मोठे केंद्र बनला आहे. साचे करणारे, प्लॅस्टिक ओतणारे, रंग देणारे आणि खोकी तयार करणारे असे सारे व्यवसाय तेथे जवळजवळ नांदतात. प्रांताच्या किनाऱ्यावरील शेंझेन शहराच्या यांतियान बंदरातून हा माल जगभर रवाना होतो.

याहून निराळा मार्गही आहे. ठोकळ्यांच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आपले कारखाने बाजारपेठांच्या जवळ उभारण्याचे धोरण ठेवले. युरोपसाठी डेन्मार्क, हंगेरी व चेक प्रजासत्ताक, अमेरिका खंडासाठी मेक्सिकोतील माँतेरे आणि आशियासाठी चीनमधील जियाशिंग अशी ही विभागणी आहे. २०२५ मध्ये व्हिएतनाममधील कारखान्याची त्यात भर पडली. कारखाना ग्राहकाच्या जवळ असला की सागरी प्रवासाचे आठवडे वाचतात आणि एखाद्या खेळण्यास अचानक मागणी आली, तरी ती हंगामातच पुरविता येते.

खोक्याचे अर्थशास्त्र

२६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाच्या या प्रयोगातून कंटेनर वाहतुकीचे नवे युग सुरू झाले. तोपर्यंत प्रत्येक गोणी व प्रत्येक खोके हमालांकरवी जहाजात चढवावे व उतरवावे लागे. आता कारखान्यात भरून मोहोरबंद केलेली पेटी मालमोटार, रेल्वे व जहाज यांवरून न उघडता जाऊ लागली. वाहतुकीचा खर्च घटला आणि स्वस्त खेळणेही हजारो मैल दूर नेणे परवडू लागले.

खेळणी वजनाने हलकी, पण जागा मात्र फार व्यापतात. एक उदाहरण घेऊ. चाळीस फुटी साध्या कंटेनरची आतील लांबी सुमारे १२ मीटर आणि रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे २.३५ मीटर असते. ६० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच अशी खोकी त्यात रचली, तर लांबीत २०, रुंदीत ५ व उंचीत ५, म्हणजे एकूण ५०० खोकी बसतात. समजा, प्रत्येक खोक्यात ४०० ग्रॅम वजनाची २४ खेळणी आहेत. कंटेनरमध्ये १२,००० खेळणी भरली, पण त्यांचे वजन ५ टनांच्याही आतच राहिले. कंटेनर याच्या कितीतरी पट भार पेलू शकतो, परंतु जागाच संपली.

आता वेष्टन सुटसुटीत करून त्याच खोक्यात २४ ऐवजी ३२ खेळणी बसविली, तर त्याच कंटेनरमधून १६,००० खेळणी जातील आणि कंटेनरचे भाडे तेवढेच राहिले, तर दर खेळण्यामागील भाड्याचा बोजा एक चतुर्थांशाने कमी होईल. खेळण्याचे भाग सुटे ठेवून ते घरी जोडण्याची सोय का केलेली असते, एकावर एक बसणारे पेले वा डबे या व्यापारात का सोयीचे ठरतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

समुद्रावरील अनिश्चितता

माल जहाजावर चढला की जहाज कंपनी 'बिल ऑफ लेडिंग' देते. ती मालाची पावती, वाहतुकीचा करार आणि मालकीचा दस्तऐवज अशी तिहेरी भूमिका बजावते. दक्षिण चीनमधून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यास पोहोचण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे, तर सुएझमार्गे उत्तर युरोपला जाण्यास महिन्याच्या आसपास अवधी लागतो.

हा प्रवास नेहमीच सुरळीत होतो असे नाही. १० जानेवारी १९९२ रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतील टॅकोमाकडे निघालेल्या 'एव्हर लॉरेल' या जहाजावरील काही कंटेनर वादळात प्रशांत महासागरात पडले. त्यांतील एकात प्लॅस्टिकची बदके, कासवे, बेडूक व बीव्हर अशी २८,८०० तरंगती खेळणी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांतील काही अलास्काच्या किनाऱ्यास लागली. ती कोठे व केव्हा सापडली, याच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी सागरी प्रवाहांचा अभ्यास केला. भूगोलाच्या तासाला प्रवाह शिकविताना शिक्षकांनी अवश्य सांगावी अशी ही हकीकत आहे.

मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकून पडले आणि दोन्ही बाजूंस जहाजांची रांग लागली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा मार्ग पत्करला. असा वळसा म्हणजे प्रवासात दहा दिवसांच्या आसपास भर. हंगामावर जगणाऱ्या मालाला एवढा उशीरही जड जातो.

बंदरापासून फळीपर्यंत

बंदरात उतरलेल्या मालाची सीमाशुल्क तपासणी होते. जगभरच्या व्यापारात वस्तूंचे वर्गीकरण समान संकेतांकांनी केले जाते. खेळण्यांचा प्रमुख संकेतांक ९५०३ हा आहे. शुल्क भरून सुटलेला माल पुढे दोन वाटांनी जातो. मोठ्या दुकानसाखळ्या बहुधा कारखानदाराच्या देशातील बंदरावरच माल ताब्यात घेतात, आपल्या वितरण केंद्रात आणतात आणि तेथून शाखाशाखांना मागणीनुसार वाटून देतात. लहान दुकानदाराला पुरा कंटेनर परवडत नाही. त्याच्यासाठी आयातदार व घाऊक व्यापारी ही मधली पायरी आवश्यक ठरते. आपल्याकडे दिल्लीचा सदर बाजार आणि मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडईचा परिसर ही अशा घाऊक व्यापाराची परिचित ठिकाणे आहेत. परदेशी माल समुद्रमार्गे येतो तेव्हा १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे त्याचे एक प्रमुख प्रवेशद्वार असते.

ओळख टिकविणारी साखळी

साखळी जितकी लांब, तितकी वस्तूची ओळख हरवण्याची शक्यता अधिक. २००७ मध्ये चीनमध्ये तयार झालेली लाखो खेळणी रंगातील शिशामुळे अमेरिका व अन्य देशांच्या बाजारांतून परत मागवावी लागली. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. या अनुभवानंतर अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून मुलांच्या खेळण्यांची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी आणि उत्पादनाचा माग काढता येईल अशी खूण बंधनकारक केली.

भारतातही १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, मग ती देशी असोत वा विदेशी, भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. त्या सुमारास आयात शुल्कही बरेच वाढविण्यात आले. सरकारी माहितीनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली, तर निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली.

अंगणवाडी वा शाळेसाठी खेळणी खरेदी करताना ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांनी चार गोष्टी पाहाव्यात : आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक, उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व पत्ता, कोणत्या वयासाठी याचा निर्देश आणि सुटे बारीक भाग. तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकेल असा भाग असलेले खेळणे कितीही स्वस्त असले, तरी ते घेऊ नये.

आपल्या कारागिरांची वाट

सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे, बाहुल्या व खेळणी पाहणारा त्यांच्या रंगकामावर लुब्ध होतो. अशा कारागिरांना वरील आदेशातून काही सवलत आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन नोंदलेल्या खेळण्यांना त्यातून वगळण्यात आले आहे. परंतु ही सूट देशांतर्गत आहे. युरोपात वा अमेरिकेत माल पाठवावयाचा, तर तेथील चाचण्या व खुणा यांची पूर्तता करावीच लागते.

आरंभी कंटेनर भरण्याची आवश्यकता नाही. आयात-निर्यात संकेतांक घेऊन टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून लहान पार्सलेही परदेशी पाठविता येतात. मात्र शिसेविरहित रंगाची खात्री, एकसारख्या मापाचा माल, तो न फुटता पोहोचेल असे आटोपशीर खोके, खोक्यावर निर्मात्याचे नाव आणि ठरलेल्या तारखेस रवानगी या पाच गोष्टींत तडजोड चालत नाही. एकट्या कारागिरास हे अवघड वाटले, तरी स्वयंसहायता गटाने वा सहकारी संस्थेने एकत्रितपणे चाचणी, वेष्टन व वाहतूक यांची व्यवस्था केली, तर तो भार वाटला जातो. पंचायतींनी व विकास अधिकाऱ्यांनी साहाय्य करावयाचे ते प्रामुख्याने याच टप्प्यावर.

खेळणे घडविणे हे निम्मे काम आहे. ते वेळेवर, न फुटता आणि आपली ओळख कायम राखून मुलाच्या हाती देणे हे उरलेले निम्मे. आपल्या कारागिराच्या हातात पहिल्या निम्म्याचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसऱ्या निम्म्याची सोय झाली, तर जत्रेतल्या फळीवर त्याची बाहुली परदेशी मोटारीच्या शेजारी बसेल आणि परदेशातील दुकानाच्या फळीवरही तिला जागा मिळू शकेल.