सेटर केव्हा टाळावा?

संगणकावरील खेळ रचण्याचे 'गोडो' हे इंजिन अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झुर यांनी घडविले. २०१४ साली त्याची मूळ संहिता सर्वांस खुली झाली. त्याच्या जीडीस्क्रिप्ट भाषेतील एक बारकावा येथे पाहू.

खेळातील योद्ध्याचा 'प्राण' हा एक अंक समजा. तो घटला की पडद्यावरील पट्टी आखूड व्हावी, घावाचा आवाज व्हावा. ही कामे ज्या फंक्शनवर सोपवितात तो सेटर. हा दारावरचा कारकून. येणाऱ्या प्रत्येक अंकाची दखल घेऊनच तो आत सोडतो. परंतु जतन केलेला खेळ पुन्हा उघडताना प्राण ४० वर आणावयाचा असेल, तर? तेथे कोणी घाव घातलेला नसतो. कारकून मात्र आवाज करणारच. अशा वेळी त्यास वगळावे लागते.

तिसऱ्या आवृत्तीत ही सोय होती, पण आडवळणाची. त्याच स्क्रिप्टमध्ये नुसते 'प्राण = ४०' लिहिले की सेटर चालत नसे; आधी 'सेल्फ' व टिंब लावले की चालत असे. घरचा माणूस मागील दाराने येई म्हणा ना! पण कोणते दार उघडले, हे वाचणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नसे.

१ मार्च २०२३ रोजी आलेल्या ४.० आवृत्तीने ते दार बुजविले. आता 'सेल्फ' असो वा नसो, सेटर चालतोच; सुटतो तो घोषणेतच दिलेला आरंभीचा अंक, आणि सेटरने स्वतःच्या पोटात लिहिलेला अंक. जुना खेळ नव्या आवृत्तीत नेताना येथेच ठेच लागते. सेटरने दुसरे फंक्शन बोलाविले व त्याने दरवेळी 'प्राण' पुन्हा लिहिला, की सेटर पुन्हा चालतो, आणि हे चक्र थांबत नाही. पूर्वी तीच ओळ निमूटपणे पार पडे.

उपाय साधा आहे. खरा अंक 'आतला_प्राण' अशा निराळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा. 'प्राण'ने तोच वाचावा व लिहावा. जतन केलेला अंक थेट आतल्या व्हेरिएबलमध्ये घालावा. मात्र पट्टी आपण होऊन बदलावी, नाहीतर प्राण ४० आणि पट्टी १०० असे दिसेल. चार ओळी अधिक पडतात खऱ्या, पण सेटर कोठे टाळला हे नावावरूनच कळते. म्हणून आम्हांस हा कडकपणा पसंत आहे.

यादीचे मात्र वेगळे. योद्ध्याच्या झोळीत 'अपेंड'ने वस्तू वाढविली तर सेटरला पत्ताही लागत नाही, कारण यादी तीच राहते, बदलते ते तिच्या आतले. वस्तू टाकण्यासाठी निराळे फंक्शन लिहून झोळीचे चित्र त्यातूनच बदलावे.