साधनांचे वाटप आणि त्यापुढील काम

तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरते, मान्यवरांच्या हस्ते चाकाच्या खुर्च्या, कुबड्या व श्रवणयंत्रे दिली जातात आणि सायंकाळपर्यंत नोंदवही पूर्ण होते. वर्षभराने गावात गेल्यास त्यांपैकी एखादी खुर्ची पडवीत पोत्यांखाली आढळते. लाभार्थ्याला किंमत नाही, असा शेरा अशा वेळी सहज मारला जातो. वस्तुतः ती खुर्ची त्याच्या मापाची नव्हतीच, असा संभव अधिक असतो.

केंद्र शासनाची साधन-साहाय्य योजना १९८१ पासून चालू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. काम मोठे आहे, म्हणून घाई होते हे खरे. पण घाईची किंमत लाभार्थी मोजतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली चाकाच्या खुर्चीच्या सेवेचे आठ टप्पे सांगितले. त्यांत व्यक्तीची तपासणी, खुर्चीची निवड, ती अंगास बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि दुरुस्ती व पाठपुरावा यांना खुर्चीइतकेच महत्त्व आहे. बैठक कमरेपेक्षा फार रुंद असेल तर शरीर एका बाजूस कलते. वाढत्या वयाच्या मुलाचा कणा त्यामुळे वाकडा होऊ शकतो. बैठक खोल असली तर माणूस पुढे घसरतो. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेली असेल, तर प्रश्न जिवाचा होतो. दाब पडलेली जागा दुखत नाही, म्हणून जखम कळत नाही; ती चिघळून रक्तात जंतुदोष झाल्यास मृत्यूही ओढवतो. अशा व्यक्तीस योग्य गादी हवी, आणि थोड्या थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलण्याची किंवा पुढे वाकण्याची सवयही लावली पाहिजे. हे शिकवण्यास फार वेळ लागत नाही.

जयपूर पायाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला, तो अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसाकडे पाहून. मात्र शस्त्रक्रियेनंतर उरलेला अवयव काही महिने आकसत राहतो. पहिली खोबण सैल झाली, की ती पुन्हा बसवून द्यावी लागते. श्रवणयंत्राचेही तसेच. कानातील साचा नीट बसला नाही तर यंत्र शिट्टी वाजवते आणि मूल ते काढून ठेवते. शिक्षकाने त्यास हट्टी ठरविण्यापूर्वी साचा व बॅटरी पाहावी.

तपासनीसाने घराचा उंबरा किती उंच, शौचालयाची वाट कशी, हे विचारल्याशिवाय खुर्ची लिहून देऊ नये. चाकाची ट्यूब, आरे, छर्रे ही कामे गावातील सायकल-दुरुस्तीवालाही करू शकतो; ग्रामपंचायतीने त्याला फक्त आधी गाठून ठेवावे. आणि वाटपाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा : तीन महिन्यांनंतरच्या गृहभेटीची तारीख, व त्यापुढे भेट देणाऱ्याची सही.