पणजीची चार राज्यं: शासनाचे प्रकार समजून घेताना

माझी पणजी सांगली संस्थानात जन्मली आणि लग्न होऊन मुंबई इलाख्यात आली. तिची मुलं म्हैसूर राज्यात शिकली आणि ती वारली कर्नाटकात. प्रवास म्हणाल तर शहापूर ते बेळगाव कॅम्प, बस्स! १९४८ पर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडे होतं आणि त्याला लागूनचं बेळगाव इंग्रजांकडे. बाजाराला जाता जाता माणूस सरकार ओलांडायचा. राज्यशास्त्राच्या पेपरासाठी ‘शासनाचे प्रकार’ पाठ करताना मला तिचीच गोष्ट आठवत होती.

शासन मुळात आलं कुठून? पुस्तकात तीन उत्तरं सापडतात. देवानं राजा नेमला, बलवानानं दुबळ्यांना दाबलं, किंवा माणसांनी आपसांत करार केला. हॉब्ज, लॉक आणि रूसो हे तिसऱ्या मताचे. बायबलमध्ये शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात हे तिन्ही धागे एकत्र दिसतात. लोक स्वतःच राजा मागतात. तो तुमची मुलं सैन्यात नेईल, शेतं घेईल, असं शमुवेल बजावतो. तरी लोक हट्ट सोडत नाहीत, आणि शेवटी देव राजा द्यायला सांगतो.

प्रकारांची जुनी मांडणी ॲरिस्टॉटलची. सत्ता एकाकडे, थोड्यांकडे की पुष्कळांकडे? आणि ती सर्वांच्या हितासाठी चालते की चालवणाऱ्यांच्याच? आपल्या भागात तिन्ही प्रकार होऊन गेलेत.

एकाची सत्ता: रट्ट राजांची राजधानी वेणुग्राम, म्हणजे आपलं बेळगाव. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, ती बांधली राजाच्या मंत्र्यानं. म्हणजे राजा एकटा असला तरी कारभार एकट्याचा नसतो. पुढे मराठेशाहीत गावपातळीवर पाटील-कुलकर्णी होते आणि तंटे गोतसभेत मिटायचे.

थोड्यांची सत्ता: १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीनं घेतला. लंडनमधल्या भागधारकांची ही व्यापारी कंपनी १८५८ पर्यंत आपल्यावर राज्य करत होती! १८२४ मध्ये कित्तूरचा दत्तक वारस तिनं नाकारला. राणी चन्नम्मा लढली, पण डिसेंबरात किल्ला पडला.

पुष्कळांची सत्ता: ही एका दिवसात आली नाही. बेळगावची नगरपालिका १८५१ ची. पुढे निवडणुका आल्या, पण मताचा हक्क बराच काळ मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांनाच होता. पणजीनं पहिल्यांदा मत दिलं ते १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेलं. राज्य पुनर्रचना आयोगानं निवेदनं घेतली होती, पण लोकांचं थेट मतदान झालं नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १६ जानेवारी १९६७ ला, महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, हे मतदानानं ठरलं. लोकांनी केंद्रशासित राहणं निवडलं. त्याच वर्षी महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावं असं सुचवलं. ते अमलात आलं नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

निकाल काय लागेल तो लागो. घरात प्रश्न वेगळाच असतो. घरपट्टीची नोटीस आली की आज्जी ती माझ्यासमोर धरते. कन्नड मी शाळेत शिकले, तिला वाचता येत नाही. कन्नड आपल्याला परकी नाही, माझ्या निम्म्या मैत्रिणींची ती मायबोली आहे. पण पुष्कळांच्या राज्यातही थोडे असतातच, आणि त्यांचं काय होतं यावर त्या राज्याची परीक्षा होते. ॲरिस्टॉटलचा दुसरा प्रश्न इथेच येऊन भिडतो.

आपल्या राज्यघटनेनं ही गोष्ट ओळखली आहे. कलम ३५० प्रमाणे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रारीचं निवेदन देता येतं. ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं.

तेव्हा परीक्षेत एक, थोडे, पुष्कळ असंच लिहा, मार्क मिळतील. पण कुठलंही सरकार पाहताना दोन प्रश्न जवळ ठेवा. निर्णय घेताना कोणाला विचारलं? आणि तो चुकला तर आज्जीला आपल्या भाषेत अर्ज करता येतो का?