आत शिरणे आणि इंग्रजीतील ‘इंग’

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, बँकेतील अधिकारी अशा नाना पदांवर काम करीत आहेत. त्यांच्या इंग्रजी अर्जांत व निबंधांत एक अडचण आम्हांस वारंवार आढळते. कोणी एखाद्या ठिकाणी शिरला, पोहोचला, आत आला, आणि मग काही घडले, असे सांगताना वाक्याची घडी विस्कटते. हा आळसाचा परिणाम नव्हे. मराठीचे पक्के व्याकरण त्यांच्या मनात काम करीत असते आणि इंग्रजीचे व्याकरण तेथेच वेगळी वाट धरते.

आपण म्हणतो, ‘सभागृहात शिरून मुले बसली.’ शिरणारी मुले आणि बसणारीही मुलेच. इंग्रजीत याचे ‘एंटरिंग द हॉल, द चिल्ड्रन सॅट डाऊन’ असे सरळ रूपांतर होते. हा ‘ऊन’ आपणांस परका नाही. पालि व्याकरणात याच कामासाठी त्वा, त्वान आणि तून असे प्रत्यय आहेत. ‘पविसित्वा’ म्हणजे प्रवेश करून, ‘उपसङ्कमित्वा’ म्हणजे जवळ जाऊन. महाराष्ट्री प्राकृतातील ‘ऊण’ हा तर आपल्या ‘ऊन’चा पूर्वजच. ज्या मुलास पालि सुत्ते परिचित आहेत, त्यास इंग्रजीची ही रचना समजावणे आमच्या मते सोपे जाते. मात्र इंग्रजीच्या तासाला पालीचे नाव सहसा कोणी काढीत नाही.

खरी अडचण ‘ताना’ आणि ‘ताच’ या रूपांची आहे. ‘शाळेत शिरताना घंटा वाजली’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. शिरणारा कोण, हे न सांगताही ऐकणाऱ्यास कळते. त्याचे ‘एंटरिंग द स्कूल, द बेल रँग’ असे केले की इंग्रजी वाचकास घंटाच फाटकातून आत आलेली दिसते! कारण इंग्रजीत आरंभीचा ‘इंग’वाला खंड पुढे येणाऱ्या कर्त्यास जाऊन चिकटतो.

येथवर गंमत वाटेल. परंतु दुसरे उदाहरण पाहावे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उमेदवार होते, हा आपल्या जिल्ह्याचा इतिहास. त्यावर निबंध लिहिताना ‘भंडाऱ्यात येताच लोकांनी बाबासाहेबांचे स्वागत केले’ या वाक्याचे ‘अरायव्हिंग इन भंडारा, द पीपल वेलकम्ड बाबासाहेब’ असे इंग्रजी केले, तर आले ते लोक, असा अर्थ होतो. ज्यांचे आगमन सांगावयाचे, त्यांच्याच नावावरून आगमन निघून जाते. ‘व्हेन बाबासाहेब अराइव्ह्ड इन भंडारा, द पीपल वेलकम्ड हिम’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. कर्ता बदलत असेल तर ‘इंग’ सोडून ‘व्हेन’ धरावे. स्पर्धा परीक्षेच्या घाईत एवढे स्मरले तरी पुरे.

क्रियांचा क्रमही महत्त्वाचा आहे. चपला बाहेर काढून आपण विहारात जातो. ‘एंटरिंग द विहार, ही टुक ऑफ हिज सँडल्स’ असे लिहिल्यास तो चपलांसह आत गेला असे वाटते. ‘हॅविंग टेकन ऑफ हिज सँडल्स, ही एंटर्ड द विहार’ यात आधी काय व नंतर काय, हे स्पष्ट होते.

‘एंटर’नंतर ‘इनटू’ घालण्याची सवयही मराठीचीच. आपला ‘त’ प्रत्यय सोडवत नाही, म्हणून ‘एंटर्ड इनटू द रूम’ होते. खोलीत शिरण्यासाठी नुसते ‘एंटर’ पुरते. करारात शिरावयाचे असेल तेव्हा ‘इनटू’ लागते.

हाच ‘त’ आणखी एक घोटाळा करतो. ‘वर्गात धावत होता’ आणि ‘वर्गात धावत आला’ या दोहोंत ‘वर्गात’ एकच. आत येण्याचा अर्थ आपण ‘आला’ या क्रियापदात ठेवतो आणि धावण्याला ‘धावत’ असे धातुसाधित करतो. इंग्रजी बहुधा उलट करते. धावणे तेथे मुख्य क्रियापद होते आणि आत येणे एका ‘इनटू’वर सोपविले जाते: ‘ही रॅन इनटू द क्लास’. ‘ही रॅन इन द क्लास’ म्हटले तर बहुधा तो आतल्या आतच धावत राहिला असे समजले जाते. आपल्या वळणाचे ‘ही केम रनिंग इनटू द क्लास’ हेही शुद्ध इंग्रजीच, हे आमच्या मुलांस सांगितले की त्यांचा धीर वाढतो. फक्त ‘रॅन इनटू द टीचर’ लिहिताना जपावे. त्याचा अर्थ गुरुजींना धडकला किंवा गुरुजी अवचित भेटले, असा होतो.