बुरशीची वीट

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवलेली अळंबी सर्वांच्या परिचयाची असते. परंतु ती छत्री म्हणजे त्या जीवाचे केवळ फळ होय. त्याचा खरा देह लाकडाच्या आत, सुताहूनही बारीक अशा पांढऱ्या धाग्यांच्या रूपाने पसरलेला असतो. त्याला कवकजाल म्हणतात.

हे धागे भुसा, काड्या, टरफले यांत शिरून अन्न शोषतात आणि सुटे तुकडे एकमेकांशी घट्ट विणून टाकतात. शास्त्रज्ञांनी हा गुण हेरला. मक्याच्या ताटांचा चुरा घेऊन त्यात, दुधात विरजण घालावे त्याप्रमाणे, कवक मिसळतात व ते मिश्रण साच्यात भरतात. थोड्याच दिवसांत त्याची एकसंध वीट होते. मग ती तापवून वाळवतात. तेणेकरून कवक मरते व वाढ थांबते. मातीच्या विटेप्रमाणे तिला धगधगत्या भट्टीत भाजावे लागत नाही.

२०१४ साली न्यूयॉर्क शहरात डेव्हिड बेंजामिन या वास्तुशिल्पज्ञाने अशा सुमारे १०,००० विटांचा, सुमारे ४० फूट उंच मनोरा उभारला. तो उन्हाळ्यापुरताच होता. पुढे तो उतरविल्यावर विटांचे खत करण्यात आले.

मग ही वीट काँक्रीटची जागा घेईल काय? नाही. ती वजनाने अतिशय हलकी असली, तरी काँक्रीटच्या मानाने फारच थोडा भार पेलते. ती दाब काहीसा सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणूनच २०१७ साली दक्षिण कोरियातील सोल येथे उभारलेल्या वृक्षाकार रचनेत प्रत्येक फांदीवर केवळ दाबच पडेल, अशी योजना केली होती. ओलावा हा तर तिचा मोठा शत्रू! पाणी शोषले की ती दुबळी होते. मात्र तिच्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असल्यामुळे उष्णता व आवाज अडविण्याच्या कामी ती उत्तम ठरते.

मातीत मिळून जाणे हा या विटेचा दोषही आहे आणि गुणही. घर उभे असेतो तिने टिकावे व घर उतरल्यावर मातीचे ऋण फेडावे, हे साधणे हेच आजच्या संशोधकांपुढील कोडे आहे.

स्वाध्याय

१. कवकाची वीट तापवून का वाळवतात?
२. ही वीट कोणत्या कामास योग्य व कोणत्या कामास अयोग्य, ते सकारण लिहा.
३. ‘एकच धर्म गुणही ठरतो व दोषही’ हे दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.